इंजिन जरासं उजवीकडं

माझा दोस्त मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्यात न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्धी दाढी उतरलेली, डावा गाल तसाच. तसाच उठलो. तो असता तर एक डोळा मिटून म्हणाला असता, "डावा पंख जड झालाय तुझा, तासून ये..." स्मशानात हे आठवून मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, पण जीव सगळा रिमोटच्या विमानांत. हलक्या लाकडाची, स्वतः बांधलेली. प्रत्येकाची परीक्षा जेवणाच्या टेबलावर. शेपटाच्या मधोमध टाचणी, तिला दोरा. दोरा आधी उजव्या पंखाच्या टोकाला, मग डाव्या. दोन्हीकडं सारखा भरला पाहिजे. टोक धरायला त्याची बायको, सुनंदावहिनी. मी ओरडायचो, "वहिनी, आमटी करपली!" "करपू द्या भाऊजी, शेपूट सरळ आलंय." एवढा सरळपणाचा सोस, पण इंजिन मात्र गडी मुद्दाम वाकडं बसवायचा. डाव्या अंगाला दोन पातळ वॉशर, तोंड जरासं उजवीकडं. "नाकावरचा पंखा फिरला की विमान डावीकडं ओढतंय लेका. उजवीकडं बघत निघालं, तरच सरळ जातंय."

शेवटचं विमान त्यानं आजारपणात पुरं केलं, उडवायचं राहिलं. ते एकदा उडताना बघायचं, एवढंच वहिनींनी मागितलं. परवा माळावर गेलो. विमान छातीशी धरून दादा आले; मिलिंदला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे थोरले भाऊ. विमान पुसूनपुसून लखलखीत केलेलं. "इंजिन वाकडं बसलं व्हतं. हात थरथरला आसंल लेकराचा... म्या वॉशर काढून सरळ केलं."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. विमान पडलं तर त्याच्या हातचं शेवटचं काम मातीत, आणि खरं सांगितलं तर दादा मातीत.

"बरं केलंत, दादा," मी म्हणालो.

जमीन सोडताच विमानानं डावीकडं मान टाकली. मी रिमोटची दांडी अंगठ्यानं उजवीकडं रेटली आणि रेटूनच धरली... सावरलं. वर चढलं. माळाला फेरी घातली.

"बघा, कसं सरळ चाललंय!" दादा रडत टाळ्या पिटत होते. "सरळ केलंय न्हवं म्या!"

वहिनी वर बघतच नव्हत्या. त्या माझ्या अंगठ्याकडं बघत होत्या.

विमान उतरलं, इंजिन थांबलं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "आता सोडा..."

अंगठा सुटेना.