कोड पुसल्यानंतरचे चौसष्ट किलोमीटर

गॅरेज बंद पडलं तेव्हा काशीराम तांब्यानं एक स्कॅनर घेतला आणि पन्नाशीत नव्यानं धंदा शिकला. स्कूटरवरून मुलुंडभर हिंडायचं, गाडीच्या स्टिअरिंगखाली वायर लावायची आणि इंजिनचा पिवळा दिवा का पेटलाय ते पडद्यावर वाचायचं. त्याचे वडील गिरणीत आवाजावरून साच्याचं, म्हणजे मागाचं, दुखणं ओळखत. ह्याला आकडे पुरायचे.

एप्रिलमध्ये तेजल सामंतचा फोन आला. वडील, नंदकिशोर, मार्चमध्ये गेले होते. त्यांची गाडी विकायची होती, पण दिवा बघून गिऱ्हाईक परत फिरत होतं.

बिघाडाचा कोड साधा निघाला. दोन नंबरच्या सिलिंडरला ठिणगी नीट मिळत नव्हती. काशीरामनं कोड पुसला तसा दिवा विझला. "ठिणगी देणारी कॉइल मागवतो. तोवर गाडी हलवू नका, मॅडम."

आठवड्यानं तो आला तर दिवा पेटलेला. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हेही स्कॅनर सांगतो. चौसष्ट किलोमीटर.

"चालवलीत ना?"

"कोण चालवणार, काका? मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात. आईला गाडी येतच नाही."

कॉइल अजून आली नव्हती. त्यानं पुन्हा कोड पुसला, आकडा शून्य झालेला डोळ्यांनी पाहिला. पुढच्या शुक्रवारी कॉइल घेऊन आला. पुन्हा चौसष्ट. ना एक कमी, ना एक जास्त. त्यानं वायर काढून पुन्हा लावली. आकडा तोच.

तेजल वर पाणी आणायला गेली. तिची आई, सुगंधाबाई, गाडीच्या टपावरून हात फिरवत उभी होती.

"काकी, खरं सांगा, गाडी तुम्ही काढता?"

"मी खंय चालवतंय!" ती लाजून हसली. "हेच चालवतत. मी बाजूक बसतंय. दर गुरुवारी मढाक जातंव, जेट्टीर बसतंव, परत येतंव."

मुलुंडहून मढ, जाऊन-येऊन चौसष्टच होतं. काशीरामनं आत वाकून पाहिलं. ड्रायव्हरची सीट उंच माणसासाठी असते तशी पार मागे सरकवलेली होती. सुगंधाबाई जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होती.

त्यानं कॉइल बदलली. तेजल आल्यावर म्हणाला, "विकू नका इतक्यात. आईंना सोबत वाटते हिची."

पुढच्या गुरुवारी दुपारी तो लिंक रोडच्या सिग्नलला थांबला होता. पलीकडच्या रांगेत तीच गाडी. डावीकडे सुगंधाबाई, नवी साडी नेसलेली, उजवीकडे वळून काहीतरी रंगवून सांगत होती. पुढच्या काचेचा ड्रायव्हरकडचा भाग उन्हानं पांढरा झाला होता. त्यामागचं काही दिसेना. दोन पावलं पुढे गेला असता तर दिसलं असतं.

सिग्नल सुटला. गाडी झटका न देता, सराईत हातानं काढल्यासारखी निघाली. मागचे हॉर्न वाजवत राहिले तरी काशीरामनं स्कूटर हलवली नाही.