मेंढीच्या दुधावरचं पिल्लू

लेकीनं काल जुनं घोंगडं धुऊन दोरीवर टाकलं. ओल्या लोकरीचा वास घरभर पसरला आणि मी नव्वदच्या दशकातल्या, भिगवणजवळच्या पडीक रानात जाऊन पोचले.

चाळीसेक मेंढरं, एवढीच आमची मिळकत. मी बारामतीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या हिवाळ्यात लांडग्यानं राखणीचं कुत्रं मारलं, एक कोकरूही नेलं. तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता कालेज बास. मेंढरांमागं माणूस पायजे."

आजोबांनी कुठूनसं एक नुकते डोळे उघडलेलं पिल्लू आणलं. कोकरू गेलेल्या मेंढीचं दूध काढून त्याच्या अंगाला चोळलं, वासानं तिला ते आपलंच वाटावं म्हणून. मेंढीला पिऊन वाढलेलं कुत्रं कळपालाच आपलं घर मानतं. आमच्यात राखणीची कुत्री पिढ्यान् पिढ्या अशीच तयार झाली.

"आबा, सर सांगतात, कुत्रं मुळात लांडग्याच्याच वंशातलं."

"हळू बोल की! मेंढी ऐकंल."

मेंढीनं पिल्लाला हुंगलं, लाथ मारली, पुन्हा हुंगलं. ऊन उतरत होतं. धरणाच्या पाण्यावरून गार वारा येत होता. मी, आबा आणि तात्या तिच्याकडं टक लावून बसलो होतो. मग ती स्थिर उभी राहिली आणि चुटूचुटू आवाज आला.

"घेतलं गं हिनं!" आबा तात्यांकडं वळले. "ह्ये वरसात तयार हुईल. तवर मी हाय राखणीला. पोरगी जाऊ दे."

लांडग्याचं कुत्रं कसं झालं, ते मी पुढं पुस्तकात पानंच्या पानं वाचलं. त्या दिवशी ते माझ्यासमोरच घडत होतं, हे आता उमगतं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.