तोंडी घातलेलं उष्टं

"उठ ना. लाजतेस काय? सांग तुझी गोष्ट."

हॉलमध्ये आरोग्य खात्याचे तीस-चाळीस अधिकारी. त्या सगळ्यांना मॅडम 'आप' म्हणत होत्या. मला एकटीला 'तू'.

मी चंदीगडला आले ती विविधता फेलोशिपवर. वंचित समाजातल्या शिकलेल्या पोरींनी वर्षभर सरकारी खात्यात काम करायचं, आणि लोकांशी कसं वागावं हे खात्यानं आमच्याकडून शिकायचं, अशी योजना. त्या प्रशिक्षणाचं नाव 'सांस्कृतिक समज'. ते मॅडमकडे होतं. मॅडम पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीबरोबर इकडं आलेल्या. पहिल्या दिवशी मला बघून केवढ्या हरखल्या. "अगंबाई, आपल्याकडची! गणपतीला घरी यायचं हं." मग आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मी सांगितलं. गणपती आले, गेले. बोलावणं आलं नाही.

आणि आता सगळ्यांसमोर उभी केली. "मराठीतच बोल, अस्सल वाटतं. हिंदीत मी सांगते."

मी बोलले. "माझी आई नगरपालिकेत झाडूवाली. हातमोजे मिळावेत म्हणून तिनं बायकांना घेऊन तीन दिवस काम बंद पाडलं. लोकांनी दिलेलं शिळंपाकं तिनं कधी घरात येऊ दिलं नाही. मी एमएसडब्ल्यू केलं."

मॅडमनी माईक तोंडाजवळ नेला. "इसकी माँ लोगों की जूठन लाती थी. उसी पर ये बच्ची पली है."

हॉल हळहळला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी माझा फोटो काढला.

मला हिंदी येते. शब्दन्‌शब्द कळला. तरी मी गप्प. वर हात जोडले. माझ्या आईला उष्टं खाऊ घातलं, आणि मी हात जोडले!

चहाच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "थोडं रंगवावं लागतं गं. त्याशिवाय यांच्या काळजाला भिडत नाही."

पुढच्या आठवड्यात इंडस्ट्रियल एरियाजवळच्या वस्तीत गेले. ज्या पोरांच्या लशी चुकल्या त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरायचे. बिमला नावाची बाई, शोरूम झाडायची. तिच्या पोरीचे दोन डोस चुकलेले. कारणाच्या रकान्यात मी 'अज्ञान'वर खूण केली. तिनं पेनाकडं बघितलं.

"क्या लिखा?"

मी सांगितलं.

"पता सब है मुझे. पहले पूछ तो ले."

मग विचारलं. ती दोनदा पोरीला घेऊन दवाखान्यात गेली होती. तिथली नर्स म्हणाली, "तुम लोग बाहर खड़े रहो, पहले बाकी सब हो जाएँ." दोन्ही वेळा हिचा नंबर लागण्याआधी खिडकी बंद. कामावरचे खाडे वाढले. तिसऱ्यांदा गेली नाही.

मी पेन बंद केलं. अंगाची आग झाली. मॅडमची चीड आलीच, पण माझी स्वतःची जास्त आली. मॅडमनी माझ्या आईचं जे केलं, तेच मी या बाईचं करत होते. तेही तिच्याच दारात बसून.

प्रशिक्षणाच्या समारोपाला दिल्लीहून मोठे साहेब आले. मॅडमनी पुन्हा मला पुढं बोलावलं. मी माईक हातात घेतला, तो सोडला नाही.

"मैं हिंदी में बोलूँगी. मेरी माँ जूठन नहीं लाती थी. मैडम ने झूठ बताया था. मैं चुप रही, वो मेरी गलती."

मग दवाखान्याचं नाव घेतलं. खिडकीचं सांगितलं.

मॅडम कानाशी येऊन मराठीत पुटपुटल्या, "काय चालवलंयस? आपण आपली माणसं ना?"

साहेब म्हणाले, "ये शिकायत का मंच नहीं है." माईक बंद झाला. मी तशीच बोलत राहिले. बरेच जण मोबाईल बघायला लागले.

माझ्या अहवालावर शेरा पडला: जुळवून घेण्याची क्षमता कमी. फेलोशिपला मुदतवाढ मिळाली नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, शाबास म्हणेल. ती म्हणाली, "मग पहिल्या दिवशी का गप बसलीस?"

फोन ठेवला आणि बिमलाचं दार गाठलं.

काल बिमलाच्या ओट्यावर बसून तक्रार लिहिली. ती बोलली, मी उतरवलं, वाचून दाखवलं. 'गरीब बेचारी' हे मी घातलेले दोन शब्द तिनं खोडायला लावले. "बेचारी कौन?" म्हणाली. बिमला धरून अकरा बायकांनी सह्या केल्या. तेवढ्यात, कुणीतरी कळवलं असावं, फेलोशिपच्या कार्यालयातून निरोप आला: असलं काही केलंस तर प्रमाणपत्रही मिळणार नाही.

नको मला ते प्रमाणपत्र. उद्या सकाळी आम्ही बाराजणी आरोग्य खात्याच्या कार्यालयात जातोय. या वेळी बाहेर उभं राहायचं नाही. सरळ आत. शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.