गिरणीवरचा अरबीचा क्लास

एकोणीसशे शहात्तर साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण शांतिसेनेत गेलेल्या पलटणीबरोबर गाझाच्या वाळूत वर्षभर राहिलो होतो आणि तिथल्या बाजारात अरबी बोलायला शिकलो होतो. साताऱ्याकडची जमीन भावाच्या हाती देऊन मी सांगलीला आलो, पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली आणि पाटी लावली : 'अरबी बोलणे, लिहिणे, वाचणे'. बोलणे खरं होतं. बाकीचे दोन शब्द पाटी रिकामी दिसू नये म्हणून घातले.

बायको म्हणायची, "आले चौथीवाले मास्तर." मी लक्ष दिलं नाही.

आखाती देशात कामाला निघालेले तासगावकडचे सात गवंडी रोज संध्याकाळी यायचे. खाली गिरणी घरघरायची, वर आम्ही कवायतीसारखे ओरडायचो. खुब्ज म्हणजे भाकरी. एकजण म्हणाला, "आवं मास्तर, कोरड्यासाला काय म्हणत्यात? नुसती भाकरी कशी उतरायची?"

मग एके दिवशी मुंबईचा दलाल करार घेऊन आला. पासपोर्ट त्यानं आधीच गोळा केले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सगळ्यांना न्यायचं होतं. करार अरबीत. थोरला गवंडी म्हणाला, "आमचं मास्तर वाचतील, मगच अंगठा."

"वाचा की मास्तर," दलाल म्हणाला.

तेवढ्यात वीज गेली आणि गिरणी थांबली. खिडकीतून अजून उजेड येत होता. सातजण माझ्या तोंडाकडं बघत होते. 'येत न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. मी ओळीवर बोट ठेवलं, फिरवलं, मान हलवली. "बरोबर हाय. इमारतीचं काम, दोन वर्षं." हे दलालानंच मघाशी सांगितलं होतं.

तो माझ्या बोटाकडं बघत होता. हसला. "हुशार आहेत हो तुमचे मास्तर."

सात अंगठे उठले. उतरताना थोरल्यानं विचारलं, "ऱ्हायाची खोली लिवलीया न्हवं?"

"लिवलीया," मी म्हणालो.

दलालाचं ते हसू डोक्यातून जाईना. कराराची एक प्रत माझ्याकडं राहिली होती. ती घेऊन कोपऱ्यावरच्या अत्तरवाल्या चाचांकडं गेलो. लहानपणी मशिदीत ते अरबी अक्षरं वाचायला शिकले होते. अर्थ येत नव्हता. म्हटलं, "तुमी नुसतं वाचा, अर्थ मी लावतो."

चाचांनी कागदाच्या उजव्या कडेला बोट ठेवलं आणि डावीकडं सरकवत नेलं. मी मराठीसारखं डावीकडून फिरवलं होतं. दलालाला तेव्हाच कळलं होतं, आणि तो गप्प बसला होता.

"कुराणात असत्यात तशा वरखालच्या खुणा न्हाईत ह्यात, अडखळतंय," म्हणत चाचा वाचत राहिले. गनम आलं. मेंढरं. सहरा आलं. वाळवंट. वर्षं पाच. इमारतीचा शब्द शेवटपर्यंत आला नाही.

"काय लिवलंय रं?" चाचांनी विचारलं. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

सकाळी मी पाटी काढली, काखेत मारली आणि स्टँडवर गेलो. सातजण ट्रंका घेऊन रांगेत उभे होते, दलाल सगळ्यांत पुढं. मी एसटीच्या दारात आडवा उभा राहिलो.

"सरका मास्तर, जागा धरू द्या," थोरला हसत म्हणाला.

"मला अरबी वाचता येत न्हाई," मी म्हणालो. इंजिन चालू होतं, कुणालाच ऐकू गेलं नाही. मग कवायतीच्या आवाजात, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो.