दुखवट्याला आलेली ऊसतोड टोळी

माझे वडील, आबा, गेल्यानंतर महिन्याभरात काकांचा फोन आला. "उसाला तुरा आलाय. तोड न्हाय झाली तर नुसतं वाळकं चिपाड ऱ्हाईल. ये." मी रजा टाकली. माहेरचं रान आता माझ्याच नावावर होतं.

नाशिकहून रात्रीची गाडी, पुण्यात सकाळचा चहा. चौपदरी रस्ता नुकताच झाला होता, त्यामुळे वाठारला जेवणाच्या आधीच उतरले. तिथून कोडोलीकडे वडाप मिळतं. जीप भरल्याशिवाय निघत नाही, तेवढ्यात स्टँडमागची मिसळ खाऊन घ्यावी. तिखट सोसत नसेल तर रस्सा वेगळा मागावा.

गाव वारणेच्या काठावर आहे. पुलापलीकडे सांगली जिल्हा लागतो. बीडहून आलेली तोडणी टोळी त्या पलीकडच्या काठावर पालं टाकून बसली होती, आणि आमचा ऊस अलीकडे उभा होता. आदल्या वर्षी एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली म्हणून ग्रामसभेनं ठराव केला होता, की बाहेरच्या टोळीनं गावात कामाला यायचं नाही. मोटर पुढं त्याच विहिरीच्या तळाशी सापडली, पण तोवर ठराव झाला होता. मांडणारे आबाच होते.

"मग आता रद्द करा," मी सरपंचांना म्हटलं.

"मेलेल्या माणसाचा शब्द वर्षश्राद्धाच्या आत कसा मोडायचा, ताई? तुमीच सांगा."

सरपंचांचा स्वतःचा ऊसही वाळत होता. पुलावर आळीपाळीनं दोघं पहाऱ्याला बसत. त्यांचाही ऊस वाळत होता.

तोड काकूनं काढली. "दुखवट्याला येणाऱ्याला कोण अडवतंय?" तिनं टोळीच्या मुकादमाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पुलावर आली.

"कुठं निघालाईसा?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"आबांच्या घरी. दुखवट्याला."

"आणि कोयतं?"

"पालात ठेवले तर चोरी व्हती, मालक. तुमच्या गावाचं ऐकलंय आमी."

पहारेकरी हसला. "जावा की मग."

सगळे अंगणात येऊन बसले. आमच्याकडची रीत अशी, की आलेल्याला माणूस कसं गेलं ते घरच्यानं सांगायचं, मग चहा, मग निरोप. मी म्हटलं, "हार्ट अटॅक आला."

कुणी उठेना. मुकादमाची बायको वत्सलाबाई म्हणाली, "असं नसतं ताई. सुरवातीपासून सांगा."

मला असं बोलता येत नाही. तेराव्यालाही मी पाहुण्यांना काकूकडे पाठवत होते. पण आबा गेले त्या सकाळी मी माहेरी आलेली, घरात आम्ही दोघंच होतो, काकूला काहीच माहीत नव्हतं. अडखळत सांगितलं. वत्सलाबाईंनी डोळ्याला पदर लावला, चहा झाला, आणि टोळी मागच्या दारानं उसाच्या फडात शिरली.

हे रोज चाललं. रोज दुखवटा, रोज सांगणं, रोज तोड. तिसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाला आपापली वारलेली माणसं आठवू लागली. एकानं पाच वर्षांपूर्वीची आत्या काढली, दुसऱ्यानं पानिपताकडं गेलेला पणजोबा. ज्यांच्या घरात अलीकडे कुणीच गेलं नव्हतं ते आजारी म्हाताऱ्याकडे आशेनं बघू लागले. शेवटी सरपंच डोक्याला टॉवेल गुंडाळून आपल्या घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत बसले.

"कोण गेलं, मालक?" मुकादमानं विचारलं.

"म्हस."

"लई वाईट झालं. कशी गेली?"

सरपंचांनी सांगितलं. ते सांगताना खरंच रडले. टोळी त्यांच्या फडात गेली.

आमचा शेवटचा ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाला तेव्हा टोळीला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तरी वत्सलाबाई येऊन बसल्या. आम्ही दोघी चहा प्यालो.

ठराव अजून तसाच आहे. हंगामात कुणी त्या बाजूला गेलात, तर दारादारात सुतकी चेहरे दिसतील. घाबरू नका, चहा घ्या.

नाशिकला पोचले तेव्हा नवरा पेपर वाचत होता. "ऊस गेला?"

"गेला."

"बरं झालं." त्यानं पान उलटलं.

मी बॅग उघडली, कपडे भिजत घातले. मग त्याच्या समोर जाऊन बसले. "पेपर ठेव," म्हटलं. "आबांनी चहा बशीत ओतला होता. फुंकर मारली. मग माझ्याकडे बघितलं..."

त्यानं पेपर ठेवला.