कढत कुंड आणि आप्पांचा उजवा हात

गरम पाण्याच्या कुंडावर माणूस बरा व्हायला जातो, असा जगाचा समज आहे. आमच्या भीमेकाठच्या गावात मात्र तिथं माणूस लपवायला नेत.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. गावच्या विकास सोसायटीत चेअरमनची निवड आली की आठवडाभर आधी संचालक गावातून नाहीसे व्हायचे. ज्याच्या बाजूला माणसं जास्त, तो त्यांना जीपमध्ये कोंबून लांब नेऊन ठेवायचा, म्हणजे समोरच्या पार्टीला कुणी फोडता येऊ नये. याला सहल म्हणत. एका वर्षी दोन्ही पार्ट्यांची एवढी माणसं सहलीला गेली, की गावातल्या लग्नात वाढायला कुणी उरलं नाही आणि वऱ्हाडानं वऱ्हाडालाच वाढलं. खोटं वाटेल, पण त्या पंगतीत मी स्वतः दोनदा बुंदी मागून घेतली आहे.

माझे चुलते, आप्पा, संचालक होते. त्या साली ते मळ्यात मोटर चालू करायला गेले आणि बांधावरच कोसळले. अंगावरून वारं गेलं. दौंडच्या दवाखान्यातून परत आले ते उजवा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबकळत. पाय ओढत का होईना चालायचे, पण हात गेला. आणि तो काही साधासुधा हात नव्हता. त्या हातानं त्यांनी एकदा उधळलेला बैल शेपटीला धरून असा थांबवला होता, की तो बैल पुढं वर्षभर मागं बघतच चालायचा. आता त्या हातात चहाची बशी ठरेना. चुलती घास भरवायची तेव्हा आप्पा भिंतीकडं बघत जेवायचे.

अशात आप्पांच्या पॅनेलचा पुढारी आमच्या ओसरीवर येऊन बसला. गाव त्याला नेते म्हणायचं.

“आप्पा, घाटाखाली डोंगरात कढत पाण्याचं कुंड हाय. आठवडाभर बसायचं. गेल्या साली एकाची वाकडी मान सरळ झाली.”

“आन् निवड?” आप्पांनी विचारलं.

“निवडीचं काय घिऊन बसलाय? आधी तुमचा हात.”

आप्पांचे डोळे भरले. नेत्यांचेही भरले. नेत्यांचे डोळे कधीही भरायचे. पाटाला पाणी नसेल तेव्हा त्यांना मळ्यात उभं केलं असतं, तर दोन एकर ऊस भिजला असता.

आप्पांची आंघोळ-कपडे बघायला म्हणून मला सोबत घेतलं. जीपमध्ये आमच्या बाजूचे बाकीचे संचालक आधीच बसलेले होते. घाटाला वळणं एवढी, की पुढच्या सीटवर बसणाऱ्याला स्वतःचीच पाठ दिसत होती. खाली उतरून रस्ता एका पाड्यापाशी संपला. पुढं डोंगरातून पायवाट. नेत्यांनी एका लाकडी खुर्चीला दोन वासे बांधून घेतले, आप्पांना तीत बसवलं आणि संचालकांना खांदा द्यायला लावला. घरी जेवलेलं ताट न उचलणारी ती माणसं, धापा टाकत चढत होती. बाकी कशासाठी नव्हे. निवड एका मतावर अडलेली होती, आणि आप्पा दरीत गेले असते तर चेअरमनकीही त्यांच्यामागं गेली असती.

“सावकाश रं!” नेते मागून ओरडायचे. “त्यांच्या केसालाबी धक्का लागता कामा न्हाई!”

“आरं, मी नवरा हाय का बाशिंगाचा?” आप्पा खुर्चीतून म्हणाले, आणि आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

कुंड काळ्या कातळात होतं. वर वाफ, खाली नासक्या अंड्यांचा वास. उगमापाशी पाणी एवढं कढत, की वरून उडणारा कावळा अर्धा शिजून पलीकडं उतरायचा. आम्ही फडक्यात तांदूळ बांधून तिथंच सोडायचो आणि भात काढायचो. पाणी जरा निवून खालच्या डबक्यात येई, तिथं आप्पा गळ्याइतके बसायचे. संचालक वरच्या दगडावर पत्ते कुटायचे. आप्पांना कुणी वर चल म्हटलं, तरी ते हलायचे नाहीत.

मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाण्यातून बाहेर काढून हात मांडीवर ठेवला होता. “बग,” म्हणाले. अंगठा हलला. मी पापणीही लववली नाही. परत हलला. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन बोटं. या ठिकाणी मी तिखटमीठ लावत नाही. अंगठा हलला, तो मी पाहिला.

बोटं हलली त्याच दुपारी नेत्यांनी सामान बांधायला सांगितलं.

“मला हितंच ऱ्हाऊ द्या,” आप्पा म्हणाले. “हात जागा व्हायलाय.”

“आप्पा, उद्या निवड हाय. ती उरकली की महिनाभर आणून ठिवतो. या भाताची आण घेतो.” हातात भाताचा गोळा होता, आण घेऊन त्यांनी तो खाल्ला.

चेअरमनची निवड हात वर करून व्हायची. तालुक्याहून आलेले साहेब टेबलाशी बसले आणि नेत्यांचं नाव पुकारलं. आमच्या बाजूचे हात सटासट वर गेले. आप्पांनी उजवा उचलायला घेतला. खांदा थरथरला, कोपर खुर्चीच्या दांडीवरून बोटभर सुटलं, कपाळावर घाम आला. साहेबांनी पेन धरून वाट पाहिली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या नेत्यांनी आप्पांचा डावा हात मनगटाला धरला आणि वर केला.

“आरं सोड,” आप्पा म्हणाले, “उजवा येतोय.”

साहेबांनी मोजलं. बाहेर गुलाल उधळला गेला, एवढा की समोरच्या शाळेतली पोरं आठवडाभर गुलाबी शिंकत होती. आप्पांचं वाक्य माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसावं.

आठवडा वाट बघून आप्पा स्वतः नव्या चेअरमनच्या दारात गेले. “कवा निघायचं?”

“आता कशापायी, आप्पा? डावा झ्याक चालतोय की तुमचा!”

ओसरीवरची सगळी मंडळी हसली. दिवाळीपर्यंत अंगठाही थांबला.

चेअरमनकी वर्षाच्या बोलीवर होती. वर्ष सरलं, खुर्ची नेत्यांच्या मेहुण्याला द्यायची ठरली, आणि पुन्हा जीप आमच्या दारात उभी राहिली. चुलती उंबऱ्यात आडवी आली.

“त्याला लाज न्हाई, म्हाईत हाय. तुमाला तर आसंल?”

“मला हात पायजे,” आप्पा म्हणाले. एका हातानं सदरा घालायला त्यांना बराच वेळ लागला. मदत करू दिली नाही. या वेळी मला जीपमध्ये जागा नव्हती.

ते निवडीच्या दिवशी परस्पर मतदान करून घरी आले. मी त्यांना उतरवून घेतलं, तर सदऱ्याला टीसीएलचा वास. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती पावडर. सहल हायवेवरच्या एका हॉटेलात होती. तिथं पोहायचा हौद होता.

“पाणी कढत होतं?” मी विचारलं.

आप्पा पाय ओढत ओसरीवर चढले, डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला.

“गार हुतं,” म्हणाले. “तरी बसलो गळ्याइतका.”