अठ्ठेचाळीस वेळा क्लच

हे लिहिणारच नव्हते खरं तर. दोनदा लिहून पुसलं. आत्याला कळलं तर म्हणेल, तुला दुसरा काही उद्योग नाही का गं! पण राहवत नाहीये, म्हणून लिहितेच.

माझ्या आत्याची दोन एकर लिंबाची बाग आहे. सगळं एकटीच बघते. नांगरटीच्या पॉवर टिलरच्या मागे चालून चालून तिचा डावा गुडघा पार कामातून गेलाय. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं बंद. मग बाबांनी परस्पर ठरवून टाकलं, की मोठा ट्रॅक्टर घ्यायचा आणि दर रविवारी शहरातून जाऊन तो बाबांनीच चालवायचा. पण गेल्या वर्षभरात बाबा किती रविवार बागेत गेलेत ते मला माहितीये. तीन! फवारणी, नांगरट, सगळं रविवारची वाट बघत बसणार का? तिची बाग तिच्या हातातून जाणार होती, इतकं साधं होतं ते.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. सेल्समन बाबांशीच बोलत होता. "साहेब, हा पस्तीस एचपी, डोळे झाकून घ्या."

"बघ ताई, ओळींमधून आरामात जातो. मी मोजून आलोय," बाबा म्हणाले.

"बुंध्यापासून मोजलंस ना, बंड्या? मग फांद्या काय बाजूला सरकून उभ्या राहणार?"

सेल्समनला हसू आवरेना. बाबांना 'बंड्या' म्हणणारी जगात एकच बाई उरलीये.

मग आत्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या मोठ्या ट्रॅक्टरवर चढली आणि क्लच दाबायला लागली. दाबायची, सोडायची. परत दाबायची. मला काही कळेना.

"काकू, काय करताय?" सेल्समनने विचारलं.

"एका ओळीला चार वेळा क्लच लागतो, वळताना धरून. ओळी बारा. किती झाले?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले.

"मग तेवढं जमलं पाहिजे."

एकोणीसला पाय थांबला. तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा. मला रडूच फुटणार होतं.

कोपऱ्यात एक छोटा होता, अठरा एचपीचा. "हे खेळणं?" बाबा म्हणाले. "लोक हसतील, ताई!"

"हसू देत. त्यांना कुठे वळवायचाय?"

ती त्याच्यावर बसली. दहा. वीस. सेल्समन हळूच म्हणाला, "काकू, क्लच खराब होईल हो."

"होत असेल तर आत्ताच कळलेलं बरं."

पस्तीसला तिच्या कपाळावर घाम आला. बाबा पुढे झाले, "बस झालं गं, ताई."

"तू मोजतोयस ना? मोज."

आणि बाबा मोजायला लागले. मोठ्याने, शाळेतल्यासारखे. एक्केचाळीस, बेचाळीस... अठ्ठेचाळीसला सेल्समनने चक्क टाळी वाजवली. आत्याने परत एकदा क्लच दाबला.

"हा एक जास्तीचा कशाला आता?" बाबांनी विचारलं.

"घरी आणून लावायला नको?"

छोटाच घेतला. फांद्यांखालून सुळकन जातो म्हणे.

गेल्या रविवारी बाबा गेले होते. काहीही काम नसताना! खूप मागे लागले, पण आत्याने त्यांना स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. बांधावर बसवलं आणि म्हणाली, तू नुसता बघ. दिवसभर नुसतं बघून आले आणि घरी आल्यावर कितीतरी वेळ तेच सांगत बसले.

मी अजून गेले नाहीये. परीक्षा, सबमिशन, हे ना ते. या शनिवारी मात्र जातेच. तुमचंही असं कुणीतरी असेल ना, जे तुमच्यासाठी अडून राहिलेलं नाही? प्लीज, काम निघायची वाट बघू नका. लवकर जाऊन भेटून या.